पाचवीपर्यंतचा गृहपाठ शाळेतच व्हावा

गृहपाठ कोणी शोधून काढला, असं शाळकरी मुलं कधी ना कधी विचारतातच. आता त्याचं उत्तर फोनमध्ये तयार मिळतं: व्हेनिसच्या रॉबर्टो नेव्हिलिस नावाच्या एका शिक्षकाने वर्गातल्या नाठाळ मुलांना शिक्षा म्हणून तो सुरू केला. साल कुठे १०९५ दिलेलं असतं, कुठे १९०५. या नेव्हिलिसचा कुठल्याही भरवशाच्या नोंदीत पत्ता नाही, आणि सालं नुसती पडताळली तरी गोष्ट टिकत नाही. १०९५ मध्ये आजच्यासारख्या इयत्तावार शाळाच नव्हत्या. १९०५ म्हणावं, तर त्याच्या चार वर्षं आधी, १९०१ मध्ये, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने पंधरा वर्षांखालच्या मुलांना गृहपाठ देण्यावर कायद्याने बंदी घातली होती. त्याही आधी, १९०० साली, 'लेडीज होम जर्नल'चा संपादक एडवर्ड बॉक याने मुलांना घरी अभ्यास लावण्याच्या विरोधात मोठी मोहीम उघडली होती. जन्मालाच न आलेल्या गोष्टीवर कोणी बंदी घालत नाही.

तरीही नेव्हिलिसची गोष्ट पसरत राहते, कारण ती मुलांना पटते. 'धड्याखालचे सगळे प्रश्न दोनदा लिहून आणा', 'चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहा' अशा रूपात जे रोज घरी येतं, त्याचा जन्म शिक्षेतून झाला असेल यावर मुलांना शंका घ्यावीशी वाटत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. पाचवीपर्यंतच्या मुलांचा लेखी अभ्यास शाळेच्या वेळेत, शिक्षकांच्या नजरेखाली पुरा व्हावा. तो घरी पाठवला की शिक्षणाची अर्धी जबाबदारी घरावर जाते, आणि आपल्या नाशिकमधली घरं एकसारखी नाहीत. हे म्हणणं नीट समजून घ्यायचं तर घरच्या अभ्यासाची आपल्याकडची वाट थोडी मागे जाऊन पाहायला हवी.

इयत्ता, छापील पुस्तक, ठरलेला अभ्यासक्रम आणि वर्षअखेरची परीक्षा हे सगळं एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळांबरोबर आलं. प्रशियातली शाळाव्यवस्था त्या काळी नमुना मानली जाई. अमेरिकेतला शिक्षणसुधारक होरेस मान १८४३ मध्ये ती मुद्दाम पाहून आला. आपल्याकडे तशा शाळा इंग्रजी अमदानीत उभ्या राहिल्या. आजचा वहीतला गृहपाठ या व्यवस्थेचा भाग आहे.

त्याच्या आधी मराठी घरांत होता तो परवचा. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवायचं, मोडीचा कित्ता घोटायचं, पाढे पाठ करायचं. संध्याकाळी देवाजवळ दिवा लागला की घरात शुभंकरोती व्हायचं, मग तिथी, नक्षत्रं, श्लोक, आणि त्यानंतर पाढे: बे एके बे पासून तीसपर्यंत, मग अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. आजोबा किंवा मोठा भाऊ पुढे म्हणे, लहानं मागून म्हणत. यात लिहिणं नव्हतं, तपासणं नव्हतं, लाल शाईचा शेरा नव्हता. म्हणता म्हणता कानावर पडे आणि जिभेवर बसे. ज्यांच्या घरी परवचा झाला त्यांच्या तोंडात सत्तरीतही औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, जशीच्या तशी आहे, आणि आजच्या गृहपाठाची बाजू घेताना ही मंडळी हमखास म्हणतात, 'आम्ही रोज म्हणायचो, आमचं काय बिघडलं?'

त्यांचं काही बिघडलं नाही, हे खरंच आहे. परवच्याबद्दल मलाही मनापासून आदर आहे. पण परवच्यासाठी घरात एक माणूस लागतो, ज्याला पाढे येतात आणि ज्याची संध्याकाळ मोकळी आहे. असं माणूस जोशांच्या घरी होतं, कुलकर्ण्यांच्या घरी होतं, रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याच्या घरी होतं. शेतावर सालदारकी करणाऱ्या कुणब्याच्या, गावकुसाबाहेरच्या महाराच्या, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातल्या कोकणा आदिवासीच्या घरी ते नव्हतं. शाळा चार घटका आणि बाकी घर, अशी वाटणी त्या काळी होतीच, आणि ज्यांच्या घरी विद्या पिढीजात होती त्यांनाच ती लाभली. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं त्यात बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाला सरकारने प्राधान्य द्यावं असा आग्रह आहे. त्यामागे हाच अनुभव होता: ज्यांना घरून काही मिळणार नाही, त्यांना सगळं शाळेतूनच मिळायला हवं.

नाशिकच्या लोकांना हे कळलं होतं. १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाची पायाभरणी झाली तेव्हा सुरुवात झाली ती उदाजी मराठा वसतिगृहापासून. दहा वर्षांनी, १९२४ मध्ये, साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनीही वसतिगृहच काढलं. खेड्यातल्या मुलाला शाळेत नाव घालता येईल, पण संध्याकाळी दिव्याखाली बसायला जागा, जेवण आणि बाजूला अभ्यास करणारा दुसरा मुलगा कुठून मिळणार, हे त्या माणसांनी आधी पाहिलं. घर जे देऊ शकत नव्हतं ते त्यांनी संस्थेच्या खर्चाने उभं केलं. आज आपण नेमकं उलट करतो. शाळेत जे उरकलं नाही ते घराच्या खर्चाने करून घेतो.

'होमवर्क' या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थही इथे विचारात घेण्यासारखा आहे. सतराव्या शतकापासून तो शब्द घरी बसून केलेल्या कामासाठी वापरला जाई, कारखान्याबाहेर घरोघरी होणाऱ्या मजुरीसह. शाळेच्या अभ्यासाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. नाशिक जिल्ह्याला तो पहिला अर्थ परका नाही. सिन्नरमध्ये बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी विड्या वळत आल्या. ठेकेदाराकडून पान आणि तंबाखू आणायचा, घरकाम सांभाळून सुपात विड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या. येवल्यात घराच्या पुढच्या खोलीत माग असतो आणि सगळं घर पैठणीच्या कामात असतं.

विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये कायदा झाला. त्यात घरी नेऊन विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार धरलं गेलं, म्हणजे घरात होणारं कामही काम आहे आणि ते देणाऱ्यावर काही बंधनं आहेत, हे कायद्याने मान्य केलं. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही घरून काम करणाऱ्यांसाठी वेगळा करार केला. मोठ्या माणसाला घरी काम दिलं तर किती, कोणत्या अटींवर, हे विचारायला समाज शिकला, तो बराच लढा देऊन शिकला. आठ वर्षांच्या मुलाला घरी काम दिलं तर ते किती, कोणाच्या मदतीने, कोणत्या उजेडात, हे आपण अजून विचारत नाही.

कागदावर मात्र विचारलेलं आहे, आणि चांगलं विचारलेलं आहे. १९८९ मध्ये राज्यसभेत लेखक आर. के. नारायण दप्तराच्या ओझ्यावर बोलले. १९९२ मध्ये प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९९३ मध्ये तिने ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. प्राथमिक वर्गांना गृहपाठ नको, फार तर घरच्या परिसरात काही शोधून पाहण्यासारखं द्यावं, असं त्यात स्पष्ट आहे. २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीच्या गृहपाठाला मनाई केली, आणि त्याच वर्षी केंद्राने राज्यांना तसं कळवलं. २०२० च्या दप्तर धोरणात तर वेळाही दिल्या आहेत: दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी रोज फार तर एक तास, पुढे रोज दोन तास. तिसरी-पाचवीच्या मुलांनी संध्याकाळ कशी गेली, काय खेळलो, काय खाल्लं हे वर्गात येऊन सांगावं, असंही त्यात सुचवलं आहे.

आठवड्याला दोन तास म्हणजे रोज वीस मिनिटं. चौथीतल्या मुलाच्या आईला हे सांगून पाहा.

ही मर्यादा का पाळली जात नाही याचं मुख्य कारण साधं आहे. विषय वेगवेगळ्या शिक्षकांकडे असले की गणिताच्या बाई वीस मिनिटांचं देतात, मराठीचे सर वीस मिनिटांचं, इंग्रजी आणि परिसर अभ्यासवाल्यांचंही तेवढंच. प्रत्येक जण आपल्यापुरता मर्यादेत असतो. बेरीज करणं कोणाच्याच कामात येत नाही. ती घरी होते, रात्री जेवणानंतर. त्यात २०२० च्या टाळेबंदीत व्हॉट्सअॅपच्या गटावर अभ्यास टाकण्याची जी सवय लागली ती शाळा उघडल्यावरही गेली नाही. संध्याकाळी सात-आठ वाजता 'पान ४३, प्रश्न दुसरा व तिसरा, उद्या तपासणी' असा निरोप येतो आणि मुलाच्या आधी आईचा जीव धसकतो. चौथीपर्यंतच्या मुलांना पुरेशी झोप मिळावी म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने त्यांचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. सकाळी दिलेली ती झोप रात्री वहीवर परत घेतली जाते.

आता नाशिकमधली घरं बघू. गंगापूर रोडवरच्या एखाद्या इमारतीत आई-वडील दोघंही पदवीधर, मुलाला टेबल-खुर्ची, शिवाय खाली गल्लीतच ट्यूशनच्या बाई. तिथे गृहपाठ होतो, भले पालक आणि मुलाची रोजची चिडचिड होऊन होवो. सातपूरला किंवा अंबडला वडील कंपनीत पाळीवर, आई पॅकिंगला नाहीतर चार घरची धुणीभांडी करून अंधार पडताना परत. एकच खोली, त्यात टीव्ही, गॅस आणि धाकटं भावंड. गंजमाळ, फुलेनगर, मल्हारखाण इथे तर जागेचा प्रश्न आणखी बिकट. आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षबागांची कामं सुरू झाली की सुरगाणा-पेठची कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे उतरतात. बागेच्या कडेला ताडपत्रीखाली राहणाऱ्या त्या मुलाला 'घरच्यांच्या मदतीने तक्ता तयार करा' असं सांगायचं, तर घर कोणतं आणि घरच्यांचा हात मोकळा कधी?

दुसऱ्या दिवशी वर्गात या सगळ्यांच्या वह्या एकाच टेबलावर येतात. गंगापूर रोडच्या मुलाला 'छान', सातपूरच्या मुलाला 'अपूर्ण', आणि बागेवरचं मूल वही न आणल्याबद्दल उभं. शेरा मुलाच्या नावावर पडतो, पण मोजलं गेलेलं असतं घर. काही महिने असं झालं की मुलालाही वाटू लागतं, आपल्याला येत नाही. शाळेतून मन उडण्याची सुरुवात पुष्कळदा इथून होते.

प्रकल्पांचं तर बोलायलाच नको. मेनरोडच्या स्टेशनरी दुकानांत तयार तक्ते, तयार प्रतिकृती मिळतात. पैसे दिले की ज्वालामुखी, पैसे दिले की सूर्यमाला. ज्याच्या घरी ते परवडत नाही त्याचं मूल जुन्या खोक्यावर हाताने काहीतरी चिकटवून आणतं. खरं शिकणं त्याचंच झालेलं असतं, आणि प्रदर्शनात मागच्या रांगेत तेच ठेवलं जातं. हे पाहून मला मनस्वी वाईट वाटतं.

सराव तर हवाच, असं म्हणणारे शिक्षक आहेत आणि त्यांचं चूक नाही. भागाकार एकदा फळ्यावर पाहून येत नाही. हात बसावा लागतो. पण सराव म्हणजे चूक झाली की लगेच कोणीतरी दाखवणं. घरी एकट्याने दहा उदाहरणं चुकीच्या रीतीने केली तर चूकच पक्की होते, आणि ती वही तीन दिवसांनी तपासली जाते. चाळीस मुलांचा वर्ग धरा, एका वहीला नुसती दोन मिनिटं धरा, तरी ऐंशी मिनिटं होतात. ती कोणत्याही वेळापत्रकात नाहीत, म्हणून बरोबरच्या खुणा न वाचता पडतात. अमेरिकेतल्या हॅरिस कूपर यांनी २००६ मध्ये तिथे पंधरा-सोळा वर्षांत झालेल्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, त्यात गृहपाठ आणि प्रगती यांचा संबंध सातवीपासून पुढे ठळक दिसला, लहान वर्गांत फार कमी. माझाही विरोध नववी-दहावीच्या मुलाने घरी बसून भूमिती सोडवण्याला नाही. तिथे मूल स्वतः बसू शकतं, आणि बसायला शिकलंही पाहिजे. पाचवीच्या आत ते बसत नाही, बसवलं जातं, आणि बसवणारं माणूस सगळ्यांकडे नसतं.

पालकांची बाजू मला अधिक जड वाटते. २०२२ मध्ये राज्याच्या शिक्षणमंत्र्यांनी गृहपाठ बंद करण्याचा विचार बोलून दाखवला तेव्हा नापसंती केवळ शिक्षकांची नव्हती. ज्या आईने स्वतः शाळा पाहिली नाही तिच्यासाठी मुलाची वही हीच शाळेत डोकावण्याची एकमेव खिडकी असते. अक्षर वाचता आलं नाही तरी पान भरलेलं तिला दिसतं, खाली सही दिसते. गृहपाठच नसेल तर शाळेत शिकवतात की नाही हे तिला कळायचं कसं? हा प्रश्न खरा आहे आणि 'अडाणी पालकांना लिहिण्याचंच वेड' म्हणून तो झटकणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण त्याला उत्तर आहे. वर्गात मुलाने केलेल्या कामाची वही शनिवारी घरी पाठवा, महिन्यातून एकदा आईला वर्गात बोलावून मुलाकडून तिच्यासमोर वाचून घ्या. घरी लिहिलेल्या दहा पानांपेक्षा तिला त्यातून जास्त कळेल.

गृहपाठ फुगतो त्याचं आणखी एक कारण शाळेच्या आतच आहे. शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलं आहे, म्हणजे रोज चार तास. त्या चार तासांत शिकवणं आणि सराव दोन्ही बसायला हवं, आणि नीट मिळाले तर बसतंही. पण मतदार याद्या, जनगणना, निरनिराळी ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब, आज हे अभियान आणि उद्या तो सप्ताह, यांत तास गळत जातात. अभ्यासक्रम मात्र तेवढाच राहतो. मग उरलेला भाग वहीतून घरी जातो. प्रामाणिक शिक्षकालाही दुसरा मार्ग दिसत नाही. म्हणून या प्रश्नात शिक्षकांना आरोपी करून काही मिळणार नाही. त्यांचे चार तास त्यांना परत द्या, ही मागणी पालकांनी त्यांच्या बाजूने उभं राहून करायला हवी.

आणि तरीही शाळेच्या वेळेबाहेर थोडा अभ्यास लागेल. त्यासाठी नाशिकमध्ये नवीन काही शोधावं लागणार नाही. प्रभागाप्रभागांत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या तरुणांसाठी अभ्यासिका आहेत, नगरसेवकांनी त्यांचे फलक अभिमानाने लावले आहेत. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय या गावात आहे. ज्या गावाने पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोकांना वाचायला जागा दिली, त्याला लहान मुलांसाठी संध्याकाळी पाच ते सात दिवे चालू ठेवणं जड जाऊ नये. महापालिकेच्या शाळांच्या इमारती त्या वेळी कुलूपबंद असतात. एक खोली, सतरंजी, गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट आणि डी.एल.एड. किंवा बी.एड. करणारे दोन विद्यार्थी मानधनावर, एवढ्यात काम भागतं. सिंहस्थासाठी शहरात रस्ते, पूल, घाट यांवर प्रचंड खर्च होतो आहे. त्याशेजारी हा खर्च नजरेतही भरणार नाही.

घरी काय द्यायचं, तर असं की ज्यात प्रत्येक घराकडे सांगण्यासारखं काही असतं. सिन्नरच्या मुलाने आईला विचारून यावं की हजार विड्यांना किती पानं लागतात, आणि त्यावर वर्गात गणित मांडावं. येवल्याच्या मुलीने पैठणीच्या काठावरचा मोर किती धाग्यांत बसतो ते पाहून यावं. निफाडच्या मुलाने छाटणीनंतर डोळा फुटायला किती दिवस लागतात ते विचारावं, सुरगाण्याच्या मुलाने नागलीची पेरणी आजीकडून ऐकावी आणि कोकणा बोलीतली नावं जशीच्या तशी आणावीत. इथे पदवीधर बापाला काही विशेष फायदा नाही. उलट बागेवर राबणारी आई त्या दिवशी मुलाची खरी शिक्षिका होते. यशपाल समितीला परिसरातलं शोधणं म्हणजे हेच अभिप्रेत होतं, आणि यात एकही ओळ लिहून आणावी लागत नाही.

शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी या समितीसमोर गळकं छत, स्वच्छतागृह आणि पोषण आहार याच गोष्टी येतात, आणि त्या यायलाच हव्यात. त्यांच्या जोडीला दोन विषय घालता येतील. प्रत्येक वर्गाला एकच रोजनिशी असावी, जिच्यात सगळ्या विषयांचे शिक्षक दिलेला अभ्यास मिनिटांसह लिहितील आणि वर्गशिक्षक त्याची बेरीज करतील. आणि शेवटची तासिका सरावाची असावी, जिच्यात पाचवीपर्यंतच्या मुलांच्या वह्या पूर्ण होऊन वर्गातल्या कपाटातच राहतील. दोन्हीसाठी नवा शासन निर्णय लागत नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच बैठकीत ठराव मांडता येतो, आणि तो मांडायला नाशिकच्या आया-बापांनी उभं राहावं असं मला कळकळीने वाटतं.